दसऱ्यानंतर गप्प झालेलं मशीन

थांबा, बाकीचं सगळं बाजूला ठेवा, हे मला आत्ताच्या आत्ता सांगायचंय. अजून हेल्मेट हातात आहे, आई आतून ओरडतेय की आधी जेव, पण मी जेवायला बसले तर यातलं निम्मं विसरेन. आमचं मशीन बोललं! दसऱ्यापासून गप्प बसलेलं मशीन आज माझ्या लॅपटॉपशी बोललं आणि ताईचं काम वाचलं!

पहिल्यापासून सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल कोण ताई नि कसलं मशीन.

मी पुण्यातल्या एका कॉलेजात केमिस्ट्रीच्या लॅबमध्ये प्रोजेक्ट असिस्टंट आहे. शिकले इलेक्ट्रॉनिक्स. त्यामुळे केमिस्ट्रीवाले मला माहेरून आलेल्या पाहुणीसारखं वागवतात आणि पंखा बंद पडला तरी मलाच हाक मारतात. ताई म्हणजे आमच्या लॅबमधली पीएचडी करणारी सीनियर. माझी सख्खी बहीण नाही, पण डब्यातली भाजी वाटून खाणारी, तेव्हा तीच सख्खी.

ताईचं काम आहे वनस्पतींच्या रंगांवर. मंजिष्ठेच्या मुळांपासून लाल रंग निघतो, तो उन्हात हळूहळू विटतो. ताईचं म्हणणं असं की त्यात डाळिंबाच्या सालीचा अर्क घातला तर तो टिकतो. म्हणणं सोपं आहे, सिद्ध करायला तिला वर्षं लागलीत. खिडकीपाशी तिच्या बाटल्यांची रांग असते, आणि ठरलेल्या शनिवारी ती प्रत्येक बाटलीतला थोडा रंग काचेच्या छोट्या चौकोनी डबीत घेऊन मशीनमध्ये ठेवते. मशीन त्यातून प्रकाश सोडतं आणि किती प्रकाश रंगाने गिळला ते सांगतं. रंग विटला की आकडा उतरतो. बस, एवढंच. त्या आकड्यांचा आलेख म्हणजे ताईची पीएचडी.

आणि त्या आलेखातला शेवटचा बिंदू राहिला होता. शेवटचा! सगळ्यात महत्त्वाचा, कारण रंग शेवटपर्यंत टिकला की नाही हे तोच सांगणार.

आता मशीनबद्दल. आमचा स्पेक्ट्रोफोटोमीटर माझ्यापेक्षा वयाने मोठा आहे. रंग एकेकाळी बदामी असावा, आता चहाच्या फडक्यासारखा. बनवणारी कंपनी कधीच बंद झाली. आतले दिवे, आरसे, सगळं ठणठणीत, पण गंमत अशी की त्याला स्वतःचा स्क्रीन नाही, आकडा दाखवायला साधी खिडकीसुद्धा नाही. जे काय सांगायचं ते एका करड्या केबलमधून शेजारच्या कॉम्प्युटरला सांगतं. आणि तो कॉम्प्युटर म्हणजे असा की त्याच्यावर गाणी लावायला गेलात तर तो तुमच्याकडे केविलवाणा बघेल. त्याच्यात तेव्हाचं विंडोज, तेव्हाचंच सॉफ्टवेअर. इंटरनेट नाही. त्याला कुणी हात लावायचा नाही असा ताईचा नियम.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीला, आमच्याकडे लॅबमध्ये पूजा असते. वर्कशॉपमध्ये पाने-हातोडे पूजतात ना, तसे आम्ही ब्युरेट, वजनकाटा, ओव्हन, सगळं पूजतो. सगळी लॅब धुऊन-पुसून लख्ख, प्रत्येक मशीनला हळदीकुंकू, झेंडूचं फूल. फार छान वाटतं खरं तर. बाकी वर्षभर ज्यांना आपण शिव्या घालतो त्यांना एक दिवस नमस्कार.

पूजा झाली, सुट्टी झाली, आम्ही परत आलो, ताईने कॉम्प्युटरचं बटण दाबलं आणि काहीच नाही. पंखा फिरला, स्क्रीन काळा. परत दाबलं. पंखा फिरला, स्क्रीन काळा.

"गेला," ताई म्हणाली. एवढंच. तिचा चेहरा बघवत नव्हता.

मी झाकण उघडलं. मदरबोर्डवरचे कपॅसिटर, ती छोटी नळकांडी असतात ती, टरारून फुगलेली. असं होतं जुन्या कॉम्प्युटरांचं. चालू असतात तोवर चालतात, एकदा पूर्ण बंद करून गार पडली की उठत नाहीत.

सर आले. आमचे सर, ताईचे गाइड, म्हणजे अस्सल पुणेरी. आवाज चढवत नाहीत, त्यापेक्षा आवाज चढवलेला परवडला. कंबरेवर हात ठेवून त्यांनी उघड्या कॉम्प्युटरकडे बघितलं.

"पोस्टमॉर्टेम चालू आहे वाटतं. नातेवाइकांना कळवलं का?"

"सर, हार्ड डिस्क चांगली असेल," मी म्हटलं. "ती काढून माझ्या लॅपटॉपवर चालवते."

"चालवता येतं?"

"येतं सर!"

हे मी इतक्या आत्मविश्वासाने म्हटलं की माझं मलाच खरं वाटलं.

सर ताईकडे वळले. "येत्या शनिवारपर्यंत झालं तर उत्तम. नाहीतर शेजारच्या डिपार्टमेंटचं नवीन मशीन आहे, तिथे घे आणि थिसिसमध्ये कारण लिही."

ते गेल्यावर मी म्हटलं, "अगं मग नवीनवरच घेऊ की, चकचकीत आहे."

ताईने माझ्याकडे असं बघितलं की बास. "तू वजन कमी करायला घेतलंस. वर्षभर एका काट्यावर केलंस. शेवटच्या दिवशी दुसऱ्या काट्यावर उभी राहिलीस आणि म्हणालीस, बघा, एवढं उतरलं. कोण मानेल?"

"कुणी नाही."

"आणि थांबताही येत नाही. बाटल्या उन्हात आहेत. रंग काय माझ्या कॉम्प्युटरची वाट बघत बसणारे?"

हे असं होतं. शनिवारी, त्याच मशीनवर. नाहीतर आलेखाला शेपूटच नाही.

दुसऱ्या दिवशी मी तपकीर गल्लीत, पुण्याच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात. जुनी हार्ड डिस्क आजच्या लॅपटॉपला जोडायला एक अ‍ॅडॉप्टर लागतो, कारण जुन्याचं तोंड रुंद, पट्टीच्या केबलचं, आणि आजकाल सगळं यूएसबी. दुकानदाराला विचारलं. त्याने चष्म्यावरून बघितलं.

"म्युझियम पलीकडच्या गल्लीत आहे."

"काका, सिरियसली विचारतेय."

"मीही सिरियसली सांगतोय." आणि मग वळून एका खोक्यातून बरोबर तोच अ‍ॅडॉप्टर काढून काउंटरवर आपटला. "परत मिळणार नाही. बदलून मिळणार नाही. चालला नाही तर सांगायला येऊ नका."

चालला! डिस्क फिरली, मी तिची जशीच्या तशी नक्कल लॅपटॉपवर उतरवली आणि व्हर्च्युअल मशीनमध्ये सुरू केली. म्हणजे काय, तर लॅपटॉपच्या आत एक खोटा जुना कॉम्प्युटर तयार करायचा आणि त्या बिचाऱ्या विंडोजला सांगायचं की काही झालेलं नाही, तू आपल्या घरीच आहेस. आणि त्याला पटलं! खाली तीच निळी-हिरवी पट्टी, ताईने कधीतरी ठेवलेला गणपतीचा वॉलपेपर, आणि कोपऱ्यात मशीनच्या सॉफ्टवेअरचं चिन्ह. घरी दादा मागून बघत होता. दादा आयटीत आहे, स्वतःला फार समजतो.

"अगं हे कुठून उकरून काढलंस? आपल्या धायरीत मेट्रोचं खोदकाम तर चालू नाहीये, मग?"

"तू तुझी मीटिंग कर."

"नाही, छान आहे. याच्यावर रिझ्युमे टाइप करून दे मला."

मी लक्षच दिलं नाही. खरं सांगते, त्या वेळी मला वाटलं संपलं, जिंकले मी. सकाळी लॅबमध्ये लॅपटॉप नेला, मशीनची करडी केबल यूएसबीच्या कन्व्हर्टरने लॅपटॉपला जोडली, मशीन सुरू केलं, ते घुर्रर्र करून आपले आरसे फिरवून तयार झालं, हिरवा दिवा लागला. सॉफ्टवेअर उघडलं. ताई माझ्या मागे उभी.

स्क्रीनवर आलं: मशीन प्रतिसाद देत नाही.

परत. प्रतिसाद देत नाही. परत. तेच.

मग सुरू झाली माझी खरी परीक्षा. वेग बदलून बघितला, म्हणजे हे दोघं किती भरभर बोलतात ते. कन्व्हर्टर बदलला, दोन वेगळे आणले, कारण बाजारात नकली चिप फार असतात. ड्रायव्हर काढून परत टाकले. मग म्हटलं जुन्या सॉफ्टवेअरवर विसंबायलाच नको, ते नुसतं "नाही" म्हणतं, का ते सांगत नाही. मी पायथनमध्ये छोटासा प्रोग्राम लिहिला, चार-पाच ओळींचा. जुनं सॉफ्टवेअर सुरू झाल्यावर केबलमध्ये काय पाठवतं ते चोरून ऐकलं. ते आधी काही अक्षरं पाठवतं, म्हणजे साधारण "तू कोण?" असं विचारतं. तीच अक्षरं मी माझ्या प्रोग्राममधून पाठवली. तू कोण? शांतता. तू कोण? शांतता.

सर दारातून डोकावले. "काय म्हणतंय?"

"काही नाही म्हणत सर."

"सुज्ञ आहे."

मग मी एक चाचणी केली. केबलच्या मशीनकडच्या टोकाला नऊ छोट्या सुया असतात, त्यातल्या पाठवण्याची आणि ऐकण्याची जागा एकमेकींना जोडायची. म्हणजे आपण बोललो की तेच आपल्याला परत ऐकू येतं. लहानपणी कात्रजच्या बोगद्यातून जाताना गाडीच्या काचा खाली करून ओरडायचो ना, तसं. ताईच्या केसातली पिन काढून घेतली, दोन जागा जोडल्या, "नमस्कार" असं पाठवलं.

नमस्कार. आलं परत! नमस्कार, नमस्कार, नमस्कार.

मी उडी मारली आणि लगेच खाली बसले. कारण याचा अर्थ काय? लॅपटॉप ठीक, कन्व्हर्टर ठीक, केबल ठीक. मग उरलं काय? मशीनच. मशीनचाच आवाज गेलाय.

ताईला हे सांगायचं होतं. मी तिची पिन तिच्या हातात दिली. तिने ती केसात खोचली आणि म्हणाली, "म्हणजे मशीन गेलं."

"असं मी म्हणत नाहीये."

"मग काय म्हणतेस?"

"मी म्हणतेय की बाकी सगळं चांगलं आहे."

"तेच झालं ना मग."

ती उठून बाटल्यांपाशी गेली. हा शुक्रवार होता. तिने शेजारच्या डिपार्टमेंटला फोन केला, शनिवारी दुपारची वेळ मागितली. त्यांनी दिली. फार शांतपणे बोलली ती फोनवर. मला तेच सहन होईना. मी कॅन्टीनला जाऊन एक साबुदाणा वडा खाल्ला आणि स्वतःशीच भांडत बसले. हिरवा दिवा लागतोय, आरसे फिरतायत, घुर्रर्र होतंय. जे मशीन उठल्यावर स्वतःला तपासून बघतं, ते तोंड तेवढं गमावून बसेल? मला पटतच नव्हतं. आणि मला एखादी गोष्ट पटली नाही ना, की मी ती सोडत नाही, हे घरी कुणालाही विचारा.

आज सकाळी मी लवकर पोचले तर ताई आधीच आलेली. शेजारच्या डिपार्टमेंटला न्यायच्या काचेच्या डब्यांसाठी ताजं द्रावण करत होती. त्यासाठी पावडर वजनकाट्यावर तोलली, काट्यावरचा आकडा बघितला आणि पेनाने हातावर लिहिला.

"हातावर का लिहितेस? काट्याला प्रिंटर आहे की," मी म्हटलं. आमच्या काट्याला पावती छापणारा छोटा प्रिंटर जोडलेला असतो, बटण दाबलं की वजन छापून येतं.

"तो कुठे छापतोय. दसऱ्यापासून बंद आहे."

"कधीपासून?"

"दसऱ्यापासून. एकच कधी बिघडत नाही गं, सगळ्यांनाच एकदम सुट्टी हवी असते." आणि पुढे म्हणाली, "मी इतकं मनापासून पुसलं होतं सगळं. एकूण एक केबल काढून, ओल्या फडक्याने, मग कोरड्या—"

मी तिच्याकडे बघत होते, ती माझ्याकडे.

"केबल काढून?" मी म्हटलं.

"हो मग. तशाच ठेवून कशा पुसणार? सगळ्या टेबलवर मांडल्या, पुसल्या, हळदीकुंकू लावलं, परत लावल्या." मग हळूच: "दोन करड्या होत्या. सारख्याच."

मी आणि ताई एकाच वेळी धावलो. ती काट्याकडे, मी मशीनकडे.

आता तुम्ही म्हणाल, केबल तर चाचणीत पास झाली होती. हो! तिनेच मला कात्रजचा घाट दाखवला. ऐका हं. या केबल दोन प्रकारच्या असतात, बाहेरून जुळ्या बहिणी. सरळ केबलमध्ये या टोकाची पहिली तार त्या टोकाच्या पहिल्या जागी जाते. उलट्या केबलमध्ये आतल्या आत दोन तारांची अदलाबदल केलेली असते. कुठल्या यंत्राला कुठली लागते ते ज्याचं त्याचं ठरलेलं. चुकीची लावली की दोघंही एकमेकांच्या तोंडाला तोंड लावून बोलतात आणि कान कानाला. दोघंही बोलतात, ऐकत कुणीच नाही. आणि टोकाला पिन लावून केलेली माझी बोगद्याची चाचणी? ती दोन्ही केबलमध्ये पास होते! कारण पिन लावल्यावर आवाज एका तारेने जातो आणि दुसऱ्या तारेने परत येतो, कुठली कुठे गेली याने फरकच पडत नाही. केबल तुटलेली नाही एवढंच ती सांगते. ती योग्य आहे असं तिने कधी म्हटलंच नव्हतं. ते मी म्हटलं होतं.

मी मल्टिमीटर लावून कुठली तार कुठे जाते ते बघितलं. मशीनला लावलेली केबल उलटी निघाली. काट्यावरून काढलेली, सरळ. ताईने ती माझ्या हातात दिली तेव्हा तिच्या टोकाला अजून कुंकवाचा ठिपका होता.

सरळ केबल लावली. मी सॉफ्टवेअरसुद्धा उघडलं नाही, माझाच छोटा प्रोग्राम. तू कोण?

आणि स्क्रीनवर टपकन त्याचं मॉडेल. आकडे, अक्षरं, शेवटी कुठलीतरी जुनी आवृत्ती. मला तर ते कुणीतरी झोपेतून उठून पूर्ण नाव सांगावं तसं वाटलं. मी किंचाळले. ताई किंचाळली. मागून काट्याचा प्रिंटर कर्रर्र करून एक पावती बाहेर टाकू लागला, कारण ताईने त्याला उलटी केबल लावून बटण दाबलं होतं. दोन्ही मुकी एकाच वेळी बोलायला लागली!

आवाज ऐकून सर आले. "आग लागली की मशीन लागलं?"

"लागलं सर!"

"मग ओरडता कशाला, आकडे घ्या."

पण ताईने लगेच घेतले नाहीत. ताई ती ताईच. ती म्हणाली, आधी ओळखीचा रंग. केमिस्ट्रीत एक नारिंगी द्रावण असतं, त्याचा आकडा ठरलेला, मशीन बरोबर चालतंय का हे त्याने तपासतात. तिने ते ठेवलं. लॅपटॉपच्या आत जुनं विंडोज, त्याच्यात जुनं सॉफ्टवेअर, त्याच्यातून केबल, त्याच्या पुढे ते म्हातारं मशीन. रेघ हळूहळू वर चढली, टेकडीसारखी, आणि उतरली. ताईने टोकाचा आकडा वाचला. दसऱ्याच्या आधी घेतला होता तोच. तिसऱ्या दशांशापर्यंत तोच!

"तेच मशीन आहे," ती म्हणाली. सरांना नाही, मला नाही, बहुतेक परीक्षकांना म्हणाली.

मग बाटल्या. आधी नुसत्या मंजिष्ठेची. रेघ चढली आणि खालीच थांबली. विटलाय, अपेक्षित होतं. मग डाळिंबाची साल घातलेली. मी स्क्रीनकडे बघितलंच नाही, ताईच्या चेहऱ्याकडे बघत होते. तिचे ओठ नुसते हलत होते, आकडे म्हणत होती. मग हलायचे थांबले.

"टिकलाय," ती म्हणाली. "अगं, टिकलाय!"

सरांनी खिशातून चष्मा काढला, लावला, वाकून बघितलं, काढला. "परत घे. तीनदा घे. मग पेढे." आणि जाताना माझ्याकडे वळून, "आपण फार मोठ्या पंडिता. कोपऱ्यात एक जुना पोलारोग्राफ बंद पडलाय, त्यालाही आपला लॅपटॉप दाखवा." हे त्यांच्या भाषेत कौतुक असतं, बाहेरच्यांना कळत नाही.

आम्ही तीनदा घेतलं. तीनही वेळा टिकला. ताईने शेजारच्या डिपार्टमेंटला फोन करून वेळ रद्द केली आणि या वेळी फोनवर अजिबात शांत नव्हती. मग तिने दोन्ही केबलच्या दोन्ही टोकांना वेगवेगळ्या रंगाच्या चिकटपट्ट्या लावल्या, आणि मी पायथनमधला तो छोटा प्रोग्राम मोठा करायला घेतलाय, म्हणजे पुढे ते जुनं विंडोजही लागू नये. मशीन थेट बोलेल. जमतंय, मला दिसतंय की जमतंय.

पण मला राहून राहून एकच वाटतं. कॉम्प्युटर मेला, मशीन गप्प झालं, काट्याचा प्रिंटर बंद पडला, तिन्ही एकाच पूजेनंतर, एकाच खोलीत, आणि आम्ही तिघं शिकलेली माणसं कॉम्प्युटरसाठी रडत होतो, मशीनवर संशय घेत होतो आणि काट्याचे आकडे हातावर लिहीत होतो. कुणी तिन्ही एकत्र धरून बघितलंच नाही. ताई पहिल्या दिवशी सहज म्हणाली असती की काट्याचा प्रिंटरही बंद आहे, तर माझी निम्मी धावपळ वाचली असती. ती नाही म्हणाली, कारण मी विचारलं नाही. मी कशाला विचारीन, मी तर लॅपटॉपमध्ये घुसलेले!

आई आता दारात येऊन उभी आहे, म्हणजे खरंच उठायला हवं. पण आधी सांगा ना, तुमच्याकडे झालंय का असं? जिवापाड पुसून जागच्या जागी ठेवलं आणि त्यामुळेच बंद पडलं? किंवा दोन गोष्टी एकाच दिवशी बिघडल्या आणि तुम्ही दोन्हींसाठी वेगवेगळी कारणं शोधत बसलात? की हे फक्त आमच्याच लॅबमध्ये होतं?